पेस्ट थोडी, हात नेमका

नायगाव पूर्वेला इमारती दाटल्या, तरी खाडीकडची मिठागरे आणि तिथला खारा, दमट वारा अजून आहे. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीतही ३३-३४ अंश असतात. इथे संगणक जोडणाऱ्याला हे विसरून चालत नाही, कारण हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढतो. रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर ९५ अंशांना पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात.

म्हणून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट नीट लागायला हवी.

प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ बोटाला गुळगुळीत लागतात. पण दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावहनक्षमता सुमारे ४०० (वॅट प्रति मीटर-केल्विन), हवेची फक्त ०.०२६. चांगली पेस्ट ५ ते १२ च्या दरम्यान कुठेतरी. हवेच्या शेकडो पट सरस, तांब्यापुढे मात्र किरकोळ! त्यामुळे तिने खळग्यांतली हवा हुसकावायची, एवढेच तिचे काम. थर जाड झाला की तीच उष्णतेची वाट अडवते.

नायगावहून लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवर खरेदी करणाऱ्यांचा जीव बहुधा पेस्टच्या महागड्या नळीत अडकतो. पण दोन बऱ्या पेस्टमधला फरक बहुतेकदा मोजक्या अंशांचा असतो. पेस्टऐवजी लावायच्या लिक्विड मेटलच्या वाटेला नवख्याने जाऊच नये: त्यातले गॅलियम ॲल्युमिनियम खाते आणि सांडलेला थेंब बोर्डावर शॉर्ट करतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. इंटेलच्या एलजीए १७०० सारख्या लांबट प्रोसेसरवर उभी रेघ बरी. बोटाने फासू नये, कूलरचा दाबच ती पसरवतो. खरे कसब स्क्रू आवळण्यात आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आळीपाळीने, थोडे थोडे. एक बाजू आधी घट्ट केली की थर तिरका बसतो.

कूलर काढतानाही घाई नको. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला पिना खाली असतात. वाळलेल्या पेस्टला चिकटून तो सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. आधी संगणक थोडा चालवून पेस्ट ऊबदार करा, मग तो बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा. आणि नवा कूलर बसवण्याआधी त्याच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढली आहे ना, ते एकदा पाहा.