मलिक अंबर आणि मावा जिलेबी

‘माजी विद्यार्थिनी म्हणून चार ओळी लिहा’ असा शाळेचा निरोप आला, तेव्हा बरीच वर्षे मनात राहिलेली ही आठवण सांगायचे ठरवले.

माझे यजमान सैन्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. शेजार जरा जुळतो न जुळतो तोच सामान बांधायची वेळ येई. 2009 साली ते दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या फोर्ट लेव्हनवर्थला गेले. सोबत मी आणि मुलगा. सकाळी दोघे बाहेर पडले की दिवसभर मी एकटी. आपल्याकडे निदान भाजीवाला तरी हाक मारतो. तिथे खिडकीतून नुसता बर्फ दिसायचा.

शेजारच्या घरात एक कृष्णवर्णीय आजी राहत. त्यांचे पतीही सैन्यातच होते. ‘त्या लोकांशी फार जवळीक नको,’ असे ओळखीच्या एका बाईंनी मला सांगितले होते आणि खरे सांगते, मी ते ऐकले. तीन महिने नुसती मान हलवून पुढे जात असे. एक दिवस दारातच बर्फावरून घसरून पडले. धावत आल्या त्या आजीच. हाताला धरून घरात नेले, गरम सूप दिले. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पुढे मी त्यांना ‘मावशी’ म्हणू लागले आणि त्यांनाही तो शब्द आवडला.

फेब्रुवारी हा तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी 1926 साली आठवड्याने सुरुवात केली, 1976 पासून महिना झाला. लेव्हनवर्थला त्याचे विशेष अगत्य, कारण कृष्णवर्णीय सैनिकांची दहावी घोडदळ रेजिमेंट 1866 साली तिथेच उभी राहिली. जनरल कॉलिन पॉवेल तिथे नेमणुकीवर असताना त्यांना या सैनिकांचे साजेसे स्मारक कुठे दिसले नाही. त्यांनी पाठपुरावा केला आणि 1992 साली घोडेस्वाराचा पुतळा उभा राहिला.

मावशींनी मला त्यांच्या कार्यक्रमाला बोलावले. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा आणि पूर्वजांची एक गोष्ट सांगायची. पदार्थ ठरला, मावा जिलेबी. दूध पावडरीचा मावा केला. पण गोष्ट कसली सांगणार? बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, मलिक अंबरला विसरलीस?”

मग मी सांगितले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. भातवडीच्या लढाईत, 1624 साली, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आणि 1620 च्या सुमारास त्याच्या फौजेने, त्यात मराठा घोडेस्वारही होते, मोगलांना माझ्या गावात, बऱ्हाणपुरात, कोंडून धरले होते. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले, हेही सांगितले.

सभागृह क्षणभर शांत झाले. एका वृद्ध गृहस्थांनी ‘अंबर’ हे नाव पुन्हा उच्चारायला लावले आणि कागदावर लिहून घेतले. नंतर दर मंगळवारी सात-आठ जणी माझ्या स्वयंपाकघरात जमू लागल्या. काही सैनिकांच्या बायका होत्या, काही गावातल्या. निघताना मी पहिल्यांदाच एखादी बदली रडत स्वीकारली.

मुलांनो, शाही किल्ल्यावर सहलीला जाल तेव्हा मलिक अंबरची आठवण काढा. आणि वर्गात बाहेरगावाहून कोणी नवीन आले, तर ते घसरून पडायची वाट पाहू नका. आधीच हाक मारा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी