तासाभराचे पुणे

आम्हां इंदूरच्या मराठी मंडळींत पुण्याला कोणीच नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. कोणाची लेक तिथे दिलेली, कोणाचा मुलगा तिथे नोकरीला. त्यामुळे ‘आता काय, पुणे तासाभरावर आले!’ हे वाक्य आमच्या बैठकींत वरचेवर ऐकू येते. हा तास आहे तरी कोणता, याचा आम्ही हिशेब मांडून पाहिला.

नकाशावर इंदूर आणि लोहगाव या दोन विमानतळांना जोडणारी पट्टी ठेवावी. अंतर भरते सुमारे ५०० किलोमीटर. वैमानिकांच्या सागरी मैलांत २७०. गंमत अशी, की ही रेघ महेश्वरापाशी नर्मदा ओलांडते, साने गुरुजींनी जिथे अध्यापन केले त्या अमळनेराला शिवते आणि शिर्डीजवळून पुण्याकडे उतरते. सडकेने हेच अंतर ६०० किलोमीटरांच्या घरात जाते. आगगाडी तर रतलाम, बडोदे, सुरत, वसई अशी प्रदक्षिणा घालीत ९०० किलोमीटरांहून अधिक धावते. इंदूर-मनमाड या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तीही २०२४ च्या सप्टेंबरात!

जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडले, तर उत्तर येते ३८ मिनिटे. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपासचा काळ असतो. तो मोजतात विमान जागेवरून हलल्यापासून पुण्यास जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, मग चढण, आणि चढण संपते न संपते तोच उतरण. पूर्ण वेगाचा काळ मधल्या थोड्या मिनिटांपुरताच. म्हणूनच पंख्याचे विमान वेगाने बरेच उणे असूनही एवढ्या पल्ल्यात फार तर वीस-पंचवीस मिनिटे मागे पडते. त्यातून लोहगाव हा हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानांना तिथे पाहुण्यासारखेच वागावे लागते.

गेल्या पावसाळ्यात थोरल्या मावशींच्या अत्यवस्थ प्रकृतीचा निरोप आला. ‘निघा लगेच, तासाभराचे तर अंतर!’ आम्ही निघालो. विमानतळावर दोन तास आधी हजर होणे, तपासण्या, उड्डाण, सामानाची वाट पाहणे, मग लोहगावाहून सदाशिव पेठेपर्यंत पावसातली रिक्षा. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत पाच तास दहा मिनिटे लागली. मावशी शुद्धीवर होत्या. गुंगीत बोलणे होणार नाही, म्हणून ‘पोरं येऊ देत’ असे सांगून त्यांनी वेदना शमवणारे इंजेक्शन लांबवले होते. तासाभराच्या भरवशावर त्यांनी चार तास जास्तीचे सोसले. आम्हांला पाहून हसल्या, सगळ्यांची नावे घेतली, आणि मग डॉक्टरांना खूण केली.

रात्रभराच्या बसपेक्षा हे पाच तास आम्हांला अजूनही सोन्याचे वाटतात, हे खरेच. आमच्या सासूबाईंना ऐंशीव्या वर्षी बस सोसत नाही. येत्या डिसेंबरात त्या नातीच्या बारशाला विमानानेच जाणार आहेत. तिकीट काढून झाले आहे. पुण्याला वेळ कळवली आहे, ती मात्र उंबरठ्याची.