पाणी आला!

मार्च २०२० मध्ये होस्टेल रिकामं झालं. मी बदलापूरला घरी, रूम पार्टनर उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये. मधे फक्त अंबरनाथ! पण लोकल आमच्यासाठी बंद.

जूनमध्ये त्याचा फोन आला. "यार, पुतणी सहावीत गेली. यंदापासून इंग्लिश मीडियमलापण मराठी कम्पल्सरी. आपण दोघं शिकवू." कायदा त्याच वर्षी झाला होता, सुरुवात पहिली आणि सहावीपासून. बिल्डिंगमधली अजून पाच सिंधी पोरं जमली. मी म्हटलं, त्यात काय, मातृभाषाच तर शिकवायचीय!

पहिल्या तासाला आम्ही दोघं एकदम बोललो, मग दोघं एकदम गप्प. एका पोराने तेवढ्यात मॅगी संपवली. मग कामं वाटून घेतली. एकाने बोलायचं, दुसऱ्याने चॅट बघायचा आणि जो बोलला नाही त्याच्या नावापुढे टिंब काढायचं. पुढचा प्रश्न टिंबवाल्याला. शिवाय एक खेळ : घरातली वस्तू आणा आणि तो, ती की ते, सांगा. पोरं पळत सुटायची. ताट, झाडू, चमचा, एकदा तर जिवंत मांजर! सिंधीत लिंगं दोनच, त्यामुळे 'ते' आणायचं कुठून हाच त्यांचा प्रॉब्लेम. "ती वही, मग ते पुस्तक का?" मला उत्तर येईना.

तिसऱ्या तासाला मॅगीवाला ग्लास घेऊन आला. "पाणी आला!" मी फस्सकन हसलो. माइक चालू होता. त्याचा कॅमेरा बंद झाला. रूम पार्टनरचा मला एका शब्दाचा मेसेज : म्यूट.

रात्री तो म्हणाला, "फर्स्ट इयरला मी बाथरूमपाशी हेच ओरडलो होतो. वर्षभर तुम्ही मला 'पाणी आला' म्हणत होता. त्यानंतर होस्टेलमध्ये मी मराठी बोललोय कधी?"

नव्हता बोलला. दोन वर्षं एका खोलीत राहून मला वाटत होतं, त्याला हिंदीच बरी वाटते. ते नाव पाडणारा मीच होतो.

पुढचा तास त्याने घेतला. स्वतःचा किस्सा पोरांना सांगितला (माझं नाव गाळून). टिंबं मी काढली. शेवटी त्याची आजी स्क्रीनवर आली. फाळणीनंतर लहानपणी ती कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकीत आली. उल्हासनगर हे नाव पडलं ते १९४९ साली, त्यानंतर. तिला सिंधीत हाक मारावी म्हणून मी 'डाडी' म्हटलं. सगळे खो खो हसले! त्यांचा तो 'ड' वेगळाच, देवनागरीत लिहिताना खाली आडवी रेघ देतात. पाच वेळा म्हटलं, पाचही चुकले.

मॅगीवाल्याचा कॅमेरा चालू झाला. "दादा, हवा आत ओढायची!"

मी ओढली. मला ठसका लागला.