काठी, दोरी आणि उलटी माशी

मुलांनो, जपानचा नकाशा काढून बसा. होन्शू हे सगळ्यात मोठं बेट. त्यात नागानो आणि निईगाता हे दोन प्रांत शेजारी-शेजारी दिसतील. त्यांच्या सीमेवर, नाकात्सु नदीच्या खोऱ्यात, अकियामागो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. गावं छोटी छोटी, आणि थंडीत बर्फच बर्फ! १८२८ साली सुझुकी बोकुशी नावाचे एक कापडाचे व्यापारी इथे फिरून गेले आणि त्यांनी चक्क प्रवासवर्णन लिहून ठेवलं.

इथल्या ओढ्यांत इवाना मासा राहतो. ट्राउटच्या कुळातला, अंगावर फिकट ठिपके असलेला. पाणी गारेगार असलं तरच स्वारी खूश! त्याला पकडायची डोंगरातली जुनी रीत म्हणजे तेन्कारा. सामान किती? बांबूची लांब काठी, घोड्याच्या केसांची वळलेली दोरी आणि टोकाला खोटी माशी. बस्स! दोरी गुंडाळायचं चाक नाही की गांडूळ नाही. (आता काठ्या कार्बनच्या मिळतात, एकात एक सरकवल्या की दप्तरात मावतात.)

खरी गंमत माशीत आहे. पूर्वी शिवणाची सुई वाकवून गळ करत. त्यावर दोरा गुंडाळून पक्ष्याचं पीस बांधत. कुठे कुठे हे पीस पुढे झुकलेलं ठेवतात. वाऱ्याने आपली छत्री उलटी होते ना, अगदी तसं! दोरीला हलका झटका दिला की पीस मिटतं, सोडलं की उघडतं. माशाला वाटतं, किडा जिवंत आहे.

मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून पकडणारा खालच्या अंगाने, दगडाआडून दबकत येतो. डोह परातीएवढा, पाण्याला ओढ. दोरी पाण्यात पडली तर माशी फरफटत जाणार. तेव्हा दोरी वर धरून नुसती माशी टेकवायची. हा हौसेचा खेळ नव्हता, बरं का! गरम पाण्याच्या झऱ्यांवर आलेल्या पाहुण्यांसाठी हे मासे विकून माणसं घर चालवत. मीठ लावून, काडीला टोचून, निखाऱ्यांभोवती उभे करून भाजलेला इवाना तिथे आजही आवडीने खातात.

पण पुढे माशी शिंकली. मुसळधार पावसात डोंगरावरची दगडमाती गावांवर येऊ नये, म्हणून जपानभर ओढ्यांवर काँक्रीटचे बांध घातले. माणसांच्या जिवासाठी ते हवेच होते. मात्र मासा बांधावरून खाली येऊ शकतो, उलटा वर चढू शकत नाही. वर अडकलेले मासे हळूहळू कमी होत जातात. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर शास्त्रज्ञांनी असे ओढे तपासले. काही ओढ्यांत बांधाच्या वर इवाना उरलाच नव्हता! २००२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. बांध जितका जुना आणि वरचा ओढा जितका लहान, तितका धोका जास्त.

त्याच बेटावर शिरेतोको भागात मग काही बांधांची रचना बदलली, काहींचा थोडा भाग कापून पाण्याला वाट दिली. साल्मन हे ट्राउटचेच भाऊबंद. समुद्रातून आलेले साल्मन आता त्या वाटेने वरच्या ओढ्यात अंडी घालायला जातात.