तंबू टपावर, लक्ष गादीखाली

गाडीच्या टपावरचा तंबू घेतलेला माणूस पहिल्या थंडीनंतर आमच्या गारखेड्यातल्या वर्कशॉपमध्ये येतो, तो बहुतेक एकच तक्रार घेऊन : तंबू गळतो. पाऊस नव्हता, तरी सकाळी गादी उचलली तर खालून ओलीचिंब. काहींनी तोवर सगळ्या शिवणींवर सिलिकॉन थापलेलं असतं, काहींचं दुकानदाराशी भांडण होऊन चुकलेलं असतं. मी गादी पालथी घालते आणि ओल कुठे आहे ते बघते. ती कडेला नसते. पाठ आणि कंबर टेकते त्या जागी, बरोबर माणसाच्या आकाराची असते. गळका तंबू असा नेम धरून गळत नाही.

ते पाणी झोपणाऱ्याचंच असतं. झोपेतला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. दोघांचं झालं अर्धा लिटर. घरातल्या खोलीत ते कळत नाही. तंबूत ती वाफ फोममधून खाली उतरते, खालच्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लायच्या थंड तळाला भिडते आणि तिथेच तिचं पाणी होतं. उरलेली वाफ छताला लागते आणि पहाटे कपाळावर टपकते. म्हैसमाळला, १०६७ मीटर उंचीवर, डिसेंबरातल्या निरभ्र रात्री हे सगळ्यात जास्त होतं, कारण मोकळ्या आभाळाखाली कापड भोवतालच्या हवेहूनही थंड पडतं.

उपाय सोपा आहे : गादी तळापासून बोटभर उचला. परदेशी कंपन्या यासाठी खास जाळीच्या चटया विकतात, आणि किंमत ऐकली की लोक गादी ओली राहिलेली परवडली म्हणतात. मी कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी नूडल मॅट वापरते, तीच, पायाखाली टाकायची, शेवयांच्या गुंत्यासारखी दिसणारी. फक्त खाली अस्तर नसलेली मागून घ्या, नाहीतर हवा खेळणार नाही. नवी असताना तिला वास येतो. आठवडाभर गच्चीवर उन्हात टाकली की जातो. काथ्याची चटई मात्र नको. ती पाणी धरून ठेवते आणि चार दिवसांत कुबट मारते.

चटईनंतर खिडक्या. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या चेन गळ्यापर्यंत ओढून घेतात आणि मग सकाळी छत पुसत बसतात. वाऱ्याच्या बाजूची खिडकी वरून चार बोटं आणि समोरची तितकीच उघडी ठेवा. थंडीसाठी रजई आहे, कानटोपी आहे. वाफेला बाहेर जायला दुसरी वाट नाही.

हे ज्ञान काही नवं नाही. हुरड्याच्या दिवसांत ज्वारी राखायला शेतात मचाण घालायचे, त्याचा तळ बांबूंचा, फटी ठेवलेला. खालून वारा, वरून पाचटाचं छप्पर. उंचावर झोपण्याचं मोठं कारण जनावर. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; तिचा दंश बऱ्याचदा इतका बारीक असतो की जाग येत नाही. मराठवाड्यात जमिनीवरच्या तंबूपेक्षा टपावरचा तंबू मला बरा वाटतो तो या एका कारणासाठी. बाकी हौस.

टपावरचे तंबू विकायला आले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस, इटलीत. पुढे पूर्व जर्मनीत राळ आणि टाकाऊ कापसाच्या मिश्रणातून बनवलेल्या अंगाच्या चिमुकल्या ट्रॅबंटवरही लोक तंबू चढवून समुद्रकिनारी जात. सूतगिरणी चौकातून रोज जाणाऱ्या मला त्या कापसाचं कौतुक वाटतं. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत हा प्रकार खरा रुजला. आपल्याकडे येणारे बरेचसे नमुने अशा परदेशी तंबूंवरून बेतलेले असतात. आपली काळी माती, आपले डास आणि एप्रिलमधली आपली रात्र त्यांच्या हिशेबात नसते. ती भर आपणच घालायची.

पण त्याआधी वजन. इथे मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात टपावर किती किलो चालतील ते लिहिलेलं असतं. लहान गाड्यांना ते ५० च्या आसपास, मोठ्यांना ७५ ते १००. हा आकडा चालत्या गाडीचा आहे आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं. तंबू एकटाच ५० ते ७० किलोंचा असतो. दोन माणसं झोपल्यावर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. उभ्या गाडीत ते वजन खांबांवरून सरळ खाली चाकांवर जातं, टप ते पेलतो. त्रास होतो तो वळणावर आणि खड्ड्यात, जेव्हा तेच साठ किलो टपाला बाजूला ओढतात. कन्नडजवळचा औट्रम घाट तंबू घेऊन उतरायचा तर रोजच्या वेगाने उतरू नका. गाडी झुकते ते स्टिअरिंगला कळतं.

जुन्या जिप्सीला, ओम्नीला टपाच्या कडेने पन्हळ असायची, कॅरिअर तिला पकडून बसायचं. नव्या गाड्यांना पन्हळ नाही, चकचकीत रेल आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी निव्वळ शोभेच्या असतात. पुस्तकात तसं स्पष्ट छापलेलं असतं. त्यांच्यावर तंबू बसवून द्या म्हणणाऱ्याला मी चहा पाजते आणि परत पाठवते. टपाला वेल्डिंग करून द्या म्हणणाऱ्याला चहाही नाही. पत्रा जळतो, गंज धरतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. बसवायचा तो नट-बोल्टांवर, नायलॉक नट वापरून, काढता येईल असा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे. इथून पैठणला पोहोचलं की तेवढं अंतर होतंच. नाथसागर बघायच्या आधी पाना काढा.

आता काळी माती. कापडी, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या तंबूचा अर्धा तळ गाडीबाहेर असतो आणि तो शिडीवर टेकलेला असतो. म्हणजे शिडी नुसती चढायला नाही, तो तंबूचा खांब आहे. पावसाळ्यानंतरच्या ओलसर काळ्या रानात दोन माणसं झोपली की शिडीचे पाय रात्रीतून रुततात, तळ कलतो आणि दोघंही एका बाजूला घरंगळतात. फूटभर लांबरुंद, १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे शिडीखाली टाका. शिडीचा कोन चार फूट उंचीला एक फूट बाहेर, असा ठेवा. पायऱ्या गोल नळीच्या असतील तर त्यांच्यावर जिन्याला लावतात ती खरबरीत चिकटपट्टी लावा. घरातल्या बाईला रात्री उतरायचं असतं, कधी साडीत, कधी झोपेत; अनवाणी पायाला गोल नळी बोचते आणि दवाने निसरडीही होते. शिडीचे फोटो काढणारे पुरुष असतात. रात्री दोनदा ती उतरणारी सासूबाई असते, म्हणून मी शिडीच्या वरच्या टोकाला हाताला धरायला पट्ट्याची कडी शिवून देते. आमच्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुवा मिळवणारं काम ते आहे.

गाडी सपाटीवर आहे का, हे डोळ्यांना कळत नाही, झोपल्यावर डोक्याला कळतं. अर्धी भरलेली पाण्याची बाटली डॅशबोर्डवर आडवी ठेवा आणि पाण्याची रेघ बघा. लाकडाच्या फळ्या चाकाखाली घालून उतार काढा. थोडा राहिलाच तर डोकं चढाच्या बाजूला. आणि तंबू उघडण्याआधी हे करा. वर अंथरूण घातल्यावर गाडी हलवायला कोणी उठत नाही.

गादीबद्दल थोडक्यात. तंबूबरोबर येणारा पाच सेंटिमीटरचा फोम पंचविशीतल्या पाठीसाठी आहे. कुशनवाल्याकडून ४० डेन्सिटीचा फोम घ्या, पण जाडी वाढवायच्या आधी तंबू मिटून बघा. कवचाचा तंबू दोन-तीन सेंटिमीटर जादा झाले तरी बंद होत नाही, आणि कोंबून बंद केला तर बिजागऱ्या वाकतात. खोळ सुती, चेनची, धुता येणारी.

उन्हाळ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बाहेरचे सल्ले कामाचे नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला टपाचा पत्रा सूर्यास्तानंतरही तास-दोन तास खालून शेकत राहतो. तेव्हा तंबू संध्याकाळी लवकर उघडू नका म्हणतात, त्याच्या मी उलट सांगते : दिवस मावळला की लगेच उघडा, पण आत जाऊ नका. सगळ्या खिडक्या जाळीवर ठेवा, टपाच्या उघड्या भागावर ओलं पोतं टाका, जेवण उरका. दिवसा थांबायचं असेल तर आपल्याकडच्या शेतकऱ्याने शिकवलेली युक्ती वापरा, शेडनेट. रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी जाळी, ५० किंवा ७५ टक्के सावलीची. मोंढ्यात मीटरवर मिळते. तंबूच्या आच्छादनाच्या वर हातभर अंतर सोडून ती ताणायची. अंतर महत्त्वाचं, कापडाला चिकटली तर उष्णता तशीच खाली उतरते. मी तिच्या कडेला जुनी ताडपत्रीची पट्टी शिवून रिंगा मारते, म्हणजे वाऱ्यात फाटत नाही.

पंखा हवाच. पाच वॅटचा यूएसबी पंखा आठ तास चालला तर ४० वॅट-तास लागतात. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ असतात, तूट जाऊन साठेक मिळतात. रात्र निघते, मोबाइलही थोडा चार्ज होतो. महागडं पॉवर स्टेशन घेण्याआधी हा हिशेब करा. पंख्याचं तोंड माणसाकडे नको, वरच्या खिडकीबाहेर करा. तो आतली गरम हवा काढतो आणि समोरून गार हवा आपोआप येते.

डासांची अगरबत्ती, कॉइल, शेगडी, गॅस, यांतलं काहीही तंबूत न्यायचं नाही. थंडीत पाय शेकायला निखारे वर नेणारे लोक आहेत. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतून उठत नाही. जाळी नीट असेल तर कॉइल लागतच नाही. चेनचे दात मेणबत्तीने घासत जा, धुळीने त्या अडकतात आणि तिथूनच डास शिरतात. पितळखोऱ्यासारख्या कड्यांच्या आसपास आग्या मोहोळ असतं. तिथे धूर, मोठे दिवे, गाणी, काहीच नको. खरं तर मुक्कामच नको.

ओला तंबू मिटून आणला तर दोन दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. घरी आल्यावर आधी तंबू उघडा, मग चहा. सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचा नवा तंबू असेल तर पहिल्या पावसाआधी पाइपने भिजवून वाळवा. सुती धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. सिलिकॉनचं काम त्यानंतर, राहिलंच तर.

हे सगळं केलं तरी गाडी लावायची कुठे, हा प्रश्न उरतोच. गौताळा अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शेतात थांबायचं तर मालकाला विचारून, कचरा बरोबर घेऊन. बाईमाणसांना हवं असतं ते एवढंच : उजेडातलं स्वच्छ संडास, नळ आणि राखणदार. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण गारखेड्यातल्या शिक्षकाला किंवा वाळूजच्या कामगाराला कॅराव्हॅन परवडणार नाही. जुन्या बोलेरोवर तंबू परवडतो. पर्यटन विकास महामंडळाचे फर्दापूरला आणि लोणारला निवास आहेत, आवार आहे, पाणी आहे. त्या आवारात चार-सहा सपाट, मुरूम टाकलेल्या जागा टपावरच्या तंबूंसाठी आखून द्याव्यात आणि रात्रीचं माफक भाडं घ्यावं. महामंडळाने या हिवाळ्यात निदान फर्दापूरपासून सुरुवात करावी.