अमिओडॅरोन घेणाऱ्याच्या घरी

चि. भाच्यास,

पत्रास कारण की, हृदयाची लय बिघडल्याने दाजींना सुरू झालेल्या अमिओडॅरोन या औषधाची नीट माहिती घरातील सर्वांस असणे आवश्यक आहे. 1961 मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेले हे औषध प्रथम हृदयशूळावर, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने छातीत उठणाऱ्या कळांवर वापरले जाई. ठोक्यांची लय सावरण्याचा त्याचा गुण पुढे ध्यानात आला.

त्याच्या धोक्याचे बरेचसे मूळ त्याच्या साठण्यात आहे. हे औषध चरबी, यकृत, फुप्फुसे व त्वचा यांत साठत जाते आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सरासरी 58 दिवसांच्या आसपास असल्याने गोळी बंद केल्यावरही परिणाम व दुष्परिणाम महिनोन् महिने टिकू शकतात. शिवाय 200 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते. प्रौढाची दिवसाची गरज अवघी 150 मायक्रोग्रॅम असल्याने या अतिरिक्त आयोडीनमुळे गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते किंवा उलट अतिक्रियाशील होऊ शकते.

औषधाचा हा साठा गुपचूप वाढत असल्यामुळे रुग्णाला बरे वाटणे हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. म्हणून आरंभी ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि यकृत व थायरॉईडच्या रक्ततपासण्या करून, पुढे रक्ततपासण्या साधारणतः दर सहा महिन्यांनी व ईसीजी वर्षातून एकदा तरी करण्याची रीत आहे. एका वहीत तारीख, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि नाडीचे ठोके ओळीने लिहिल्यास बदल चटकन दिसतो. नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला किंवा जिना चढताना लागणारी धाप वयाच्या माथी मारू नये, कारण ती फुप्फुसांना सूज आल्याची खूण असू शकते. दृष्टी अंधुक झाल्यास नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि औषध त्वचेतही साठत असल्याने उन्हात अंग झाकावे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम या औषधाने वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका संभवतो, तर डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण चढते. म्हणून कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी संबंधित डॉक्टरांस अमिओडॅरोनची कल्पना द्यावी. गोळी परस्पर बंद करू नये, मात्रा बदलू नये आणि बरे वाटते म्हणून तपासणीची तारीख मुळीच चुकवू नये.

कळावे,
मामा