कवरी सुकलीस गो!

घणसोली गावात कुणाच्याही ओटीवरून जा, विचारपूस अंगापासूनच सुरू होते. ‘कवरी सुकलीस गो बाय! घरान जेवाला नाय देत का?’ महिन्याभराने तीच काकी म्हणते, ‘आता भरलीस हां.’ कोण काळवंडली, कोण ताडासारखा वाढला, कुणाला अजून मिसरूड फुटली नाही, सगळ्याची दखल घेतली जाते. त्यात खोट नसते. तू माझ्या नजरेत आहेस, एवढंच सांगायचं असतं. आमच्या पिढीने हे हसण्यावारी नेलं, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण माझ्या चाळिशी उलटलेल्या मैत्रिणींना कोण, कुठल्या लग्नात, काय बोललं ते शब्दन् शब्द आठवतं. हसण्यावारी नेलेलं एवढं पाठ कसं राहतं?

आता त्यात पडदा आलाय. आमच्या आगरी घरांत हळद लग्नाहून मोठी. दारात मांडव, बँड, पहाटेपर्यंत नाच. हल्ली मांडवाच्या कडेला एलईडीचा पडदा लागतो आणि कॅमेरावाला नाचणाऱ्यांत घुसतो. लहानपणी जिला मांडवातून ओढून घरी न्यावं लागायचं, ती माझी पंधरा वर्षांची भाची परवाच्या हळदीत खुर्च्यांच्या मागे उभी होती. पिवळी साडी, गजरा, आणि पदर दोन्ही दंड झाकतील असा लपेटून घेतलेला. कॅमेरा तिच्याकडे वळला की तिला तहान लागायची. आधीच्या लग्नातल्या रीलमध्ये तिने स्वतःचे दंड पाहिले होते, आणि रीलखाली कुणी कुणी टाकलेले हसरे चेहरे मोजले होते. ‘मावशी, मी नुसती ढोल दिसते,’ म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, निकाल होता.

या वयात मुलीच्या अंगावर चरबी धरते ती वडापावाने नव्हे. पाळीच्या आधीपासूनच शरीर ती साठवायला लागतं, त्याला ती हवी असते. मुलग्यांची उंची साधारण दोन वर्षं उशिरा सुटते, आणि पावलं त्याहीआधी वाढतात. म्हणून तर आठवीतल्या पोरांच्या चपला घेऊन घेऊन आया वैतागतात. हे बिघडणं नाही, हे घडणं चाललंय, असं पोरांना सांगायचं कुणी? बहिणीला मी म्हटलं, तिच्या अंगावरून बोलणं बंद कर. तिने मला विचारलं, ‘मग बोलू काय?’

सगळं खापर फोनवर फोडणं सोपं आहे, पण पडद्याचं हे दुखणं फोनच्या आधीचं. फिजी बेटांवर भरल्या अंगाचं कौतुक होतं आणि आग्रहाने जेवू घालणं म्हणजे माया, अगदी आमच्यासारखंच. तिथल्या नाड्रोगा भागात 1995 साली टीव्ही पोहोचला. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा 1998 साली शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. खाण्याशी वैर धरल्याची लक्षणं दाखवणाऱ्या मुली सुमारे 13 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन उतरवायला उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर शंभरात अकरा निघाल्या. तो तर साधा टीव्ही, त्याला आपले दंड दिसत नव्हते. आपण तिघींतल्या एका मुलीचं स्वतःच्या अंगाबद्दलचं दुखणं वाढवतो, असं इन्स्टाग्रामच्या लोकांनीच आपल्या कागदांत लिहून ठेवलेलं 2021 साली बाहेर आलं.

माझी आजी मिठागरात राबलेली. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ती बांधावरून चालायची तेव्हा तिचे दंड कसे दिसतात याची चौकशी कुणी केली नाही, किती वाहते तेवढं पाहिलं. 1970 नंतर नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, मिठागरं गेली, अंगमेहनतीचं ते कामही गेलं. पण जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. त्याच आजीला ‘काळी’ म्हणून सासरी आयुष्यभर ऐकावं लागलं. फेअर अँड लव्हलीने 2020 साली नावातलं ‘फेअर’ काढलं, पण आमच्या नाक्यावरच्या दुकानात गिऱ्हाईक अजून जुन्याच नावाने मागतं.

ताट सरकवणं, जेवल्या जेवल्या मोरीत जाऊन नळ सोडणं, मे महिन्यात जाकीट न काढणं, ही पोर अंगावरून खचत असल्याची लक्षणं, त्यांवर नजर असावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो मी बहिणीच्या फ्रीजवर चिकटवला. भाची अजून बोललेली नाही, पण कागद तिने काढलेलाही नाही.

मुलग्यांचं तर कुणी बघतच नाही. गावठाणात आता जिमची वाण नाही, आणि संध्याकाळी आरशासमोर बाह्या वर करून उभे असतात ते नववी-दहावीतले. अंग कमावलं तरी आपण किडकेच, असं वाटत राहण्याच्या विकाराला डॉक्टरांनी 1990 च्या दशकात नाव दिलं. धाकटा भाचा मला सहज म्हणून विचारत होता, कुणीतरी ‘एक सुई’ घ्यायला सांगतंय, घेऊ का? हृदय, यकृत, मी बरंच सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग म्हटलं, या वयात स्टेरॉइड घेतलं तर हाडांची टोकं वेळेआधी बंद होतात, उंची आहे तिथेच राहते. तो पहिल्यांदा फोन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

‘बरं,’ तो म्हणाला, ‘मग दिवसाला अंडी किती चालतील?’